बाबांनी राजधानीत पाणी सोडलं

शारजाला येऊन चाळीस दिवस झाले तरी बाबांनी एकाही गोष्टीला चांगलं म्हटलं नव्हतं. सोन्याचा बाजार दाखवला तर म्हणाले, "गर्दी आहे." खाडीतून होडीनं फिरवून आणलं तर म्हणाले, "डिझेलचा वास येतो." मॉलमध्ये नेलं तेव्हा सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी थांबून, हा बंद पडला तर साधा जिना कुठे आहे, असं सिक्युरिटीवाल्याला विचारलं आणि उत्तर मिळेपर्यंत हलले नाहीत. वाळवंट दाखवायला गाडी काढून, दोन तास हाडं खिळखिळी करून घेऊन गेलो, तर चष्मा पुसत म्हणाले, "वाळू आहे." यातलं काहीच खोटं नव्हतं, म्हणून राग जास्त यायचा.

हे नव्वदचं दशक सरून एकदोन वर्षं झाली होती तेव्हाचं. नवरा हमरिया फ्री झोनमधल्या एका कारखान्यात होता, मुलगी तिसरीत होती आणि मी शारजातल्या दोन बेडरूमच्या घरात बसून, पुण्याहून येणाऱ्या यच्चयावत पाहुण्यांची गाइड झाले होते. पाहुण्यांनी आल्यावर तोंडाचा आ वासायचा आणि आम्ही, जणू त्या इमारती आम्हीच बांधल्या, असा चेहरा करायचा, ही इथली रीत होती. बाबांनी चाळीस दिवस तोंड मिटलेलं ठेवून आमची पंचाईत केली होती.

खरी पंचाईत वेगळीच होती. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती आणि बाबा पुण्यात एकटे राहत होते. दिवाळीच्या आधी ते बाथरूममध्ये घसरून पडले. दोन तास तसेच पडून होते, दूधवाल्यानं बेल वाजवली म्हणून कळलं. माझा भाऊ अमेरिकेत. दर रविवारी फोन करून काळजी तो करायचा आणि जे करायचं ते मी करायचं, अशी आमची वाटणी होती. मी ठरवलं होतं की आता बाबांना परत पाठवायचं नाही. नवऱ्याच्या ऑफिसातल्या व्हिसाचं बघणाऱ्या माणसानं सगळे कागद तयार ठेवले होते. "फादर का पासपोर्ट ले आओ, हो जाएगा, इन्शाल्ला," एवढंच त्याचं म्हणणं होतं. अडलं होतं ते पासपोर्टावर. तो बाबांच्या बनियनच्या शिवून घेतलेल्या खिशात असे आणि अंघोळीच्या वेळी दाराच्या खुंटीवर, आतल्या बाजूला.

मी रोज विचारायची. ते रोज "बघू" म्हणायचे. एके दिवशी म्हणाले, "राजधानी न बघता देशाबद्दल मत कसं देणार? अबुधाबी दाखवा. मग पासपोर्टाचं सांगतो."

"म्हणजे अबुधाबीचा इंटरव्ह्यू आहे," नवरा म्हणाला. "पास झाली तर तुझे बाबा जॉइन होणार."

बाबा म्हणजे कोण, हे इथे सांगायला हवं. ते पुण्यात पाणीखात्यात तेहेतीस वर्षं होते. शहराच्या आमच्या भागात कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचं ते बघायचे. हाताखाली माणसं होती, पण स्वतःच्या हातानं ती लांबलचक लोखंडी किल्ली फिरवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. एका भागाचा व्हॉल्व्ह बंद करायचा की लगेच दुसऱ्याचा उघडायचा. त्यामुळे आमच्या लहानपणी लोक बाबांना रस्त्यात अडवून नमस्कार करत आणि त्याच दमात शिव्याही देत. कुणाच्या लग्नाला गेलो की मुलीचा बाप आधी बाबांना कोपऱ्यात घेऊन जाई. आहेराचं बोलायला नाही, त्या दिवशी अर्धा तास जास्त पाणी मिळावं म्हणून.

अशा माणसाला आम्ही चोवीस तास नळाला पाणी असलेल्या घरात आणून ठेवलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी पहाटे, दुपारी आणि संध्याकाळी नळ उघडून पाहिला. चौथ्या दिवशी नवऱ्याला विचारलं, "जावईबापू, हे येतं कुठून?"

"समुद्रातून. डिसॅलिनेशन प्लांट आहेत, बाबा. खारं पाणी गोडं करतात."

"आणि प्लांट बंद पडला तर?"

"पडत नाही."

बाबांनी त्याच्याकडे दयेनं पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाच वाजता उठून ते घरातलं सगळं भरून ठेवायला लागले. बादल्या, पातेली, कुकर, मुलीची समुद्रावर न्यायची प्लास्टिकची बादली आणि शेवटी बाथटब, अगदी काठापर्यंत. दुसऱ्या दिवशी पहाटे कालचं ते सगळं पाणी शिळं म्हणून ओतून द्यायचं आणि ताजं भरायचं. आमच्याकडे पुण्यात असंच चालायचं. नळ आला की कालचं पाणी शिळं. पण तिथे निदान नळ जायचा तरी. इथे वाळवंटात माझा बाप रोज पहाटे टबभर गोडं पाणी शिळं ठरवून मोरीत सोडत होता आणि वर मला सांगत होता की ही माणसं पाणी वाया घालवतात. मी हसून हसून बेजार व्हायची. नवऱ्याला मात्र हसू येत नसे, कारण त्याला शॉवर घ्यायला टब रिकामा मिळत नसे.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी निघालो. संक्रांत होऊन दोन दिवस झाले होते. डब्यात गुळाच्या पोळ्या, वर घालायला तुपाची वेगळी डबी, थालीपीठं, दही, शिवाय चटई, तीही सुतळीनं बांधलेली. राजधानीत खायला मिळत नसावं, असा आमचा थाट होता. कॅमेऱ्यात छत्तीस फोटोंचा नवा रोल घातला आणि तो बाबांच्या गळ्यात अडकवला.

दुबई ओलांडताना नवऱ्यानं उजवीकडे हात केला. पुढे जिथे मरीना झाली तिथे तेव्हा खोदकाम चालू होतं. "बाबा, इथे टॉवर्स येणार आहेत. समुद्र आत आणणार. बघा तुम्ही, पाच वर्षांत जागा ओळखू येणार नाही."

बाबांनी काच खाली केली, नीट पाहिलं आणि काच वर केली. "खड्डा चांगला घेतलाय," ते म्हणाले. चाळीस दिवसांतला हा पहिला चांगला शब्द होता आणि तो खड्ड्याला मिळाला होता.

पुढे हायवेच्या कडेला झाडं सुरू झाली, मैलोन् मैल ओळीनं. बाबा एकदम ताठ बसले. त्यांना झाडांशी देणंघेणं नव्हतं. प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी जाणारी काळी नळी त्यांना दिसली होती. "थांबवा," म्हणाले. नवऱ्यानं हायवेवर थांबता येत नाही असं सांगितलं, तेव्हा पेट्रोल पंप येईपर्यंत ते मान वळवून नळ्या मोजत राहिले. पंपावर आम्ही करक चहा घेतला. चहा एक दिरहम, म्हणजे तेरा रुपये, हे बाबांनी सवयीनं मोठ्यांदा म्हटलं, पण मन तिकडे नव्हतं. पंपामागच्या खजुराशी उकिडवे बसून त्यांनी नळीतून पडणाऱ्या थेंबांचे तीन फोटो काढले.

अबुधाबीत शिरलो आणि नवऱ्यानं गाइडचा आवाज काढला. या उंच इमारती, ही बँक, हे मंत्रालय. रस्ते असे स्वच्छ की थुंकायचं सोडाच, खोकायचीही लाज वाटावी. एका चौकात सिमेंटची पांढरीशुभ्र अवाढव्य कॉफीची किटली होती, शेजारी तोफ. टूरिस्ट म्हणून आलेला प्रत्येक जण त्या किटलीसमोर उभा राहून फोटो काढतो. बाबांनी किटलीला फेरी मारली आणि म्हणाले, "आत पाण्याची टाकी असेल." नाही, नुसतीच शोभेची आहे, असं नवऱ्यानं सांगितल्यावर त्यांनी फोटोही काढला नाही. समुद्राकाठी मोठं कारंजं होतं, ज्वालामुखीसारखं उंच रचलेलं. मुलगी टाळ्या पिटत होती, "लुक आजोबा, लुक!" बाबांनी एवढंच विचारलं की याचा पंप कुठे बसवलाय, आणि पंपाची खोली शोधायला मागे निघून गेले. मी मनातल्या मनात हात टेकले. राजधानी नापास होत होती आणि तिच्याबरोबर मीही.

जेवायला समुद्रालगतच्या हिरवळीवर बसलो. शुक्रवार, त्यातून थंडी, म्हणजे सगळी राजधानी गवतावर. आमच्या पलीकडे केरळी मंडळींची पंगत होती, त्यांच्या पुढे एक लेबनानी कुटुंब सिगडीवर कबाब भाजत होतं आणि त्याच्या पलीकडे गालिचा अंथरून एक स्थानिक आजीबाई बसल्या होत्या, थर्मासमधून नातवंडांना काहीतरी ओतून देत. मी पोळीवर तूप घातलं आणि बाबांना हाक मारायला वळले, तर बाबा जागेवर नव्हते.

आमच्या मागे दहा पावलांवर गवत चिखलानं काळं झालं होतं. जमिनीत एक हिरवं झाकण होतं. बाबांनी ते उघडून बाजूला ठेवलं होतं आणि पोटावर आडवे होऊन, कोपरापर्यंत हात आत घातला होता. अडुसष्ट वर्षांचा माणूस, इस्त्रीची पँट.

"बाबा, काय करताय? उठा!"

"जॉइंट गळतोय. ढळढळीत गळतोय. कुणाचं लक्ष नाही."

"बाबा, ही गव्हर्मेंट प्रॉपर्टी आहे," नवरा धावत आला. "हात काढा. प्लीज."

"झालं. बंद केला," असं म्हणत बाबांनी व्हॉल्व्ह फिरवला. गळती थांबली. आणि मग त्यांच्या हातानं तेहेतीस वर्षं जे केलं होतं तेच केलं. एक बंद झाला की दुसरा उघडायचा. शेजारीच दुसरा व्हॉल्व्ह होता. त्यांनी तो उघडला.

काही क्षण काही झालं नाही. मग समोरच्या हिरवळीतून, जेवणाऱ्या माणसांच्या मधोमध, गवतात लपलेले फवारे फुस्स करून वर आले आणि चारी बाजूंना फिरायला लागले. लेबनानी सिगडी चर्र करून विझली. केरळी मंडळींनी आधी भाताचं पातेलं उचललं आणि मग पोरं. लोक बूट हातात घेऊन पळत सुटले. गालिच्यावरच्या आजीबाई तेवढ्या उठल्या नाहीत. भिजल्या आणि थर्मास पोटाशी धरून खदाखदा हसत सुटल्या.

"खलास," नवरा म्हणाला. "डिपोर्ट. सगळ्यांना. मी, तू, पोरगी, बाबा. एका विमानात."

या वेळी मलाही हसू येईना. व्हिजिट व्हिसावर आलेल्या माणसानं राजधानीच्या पाण्याला हात लावला होता. मी बाबांना इथे ठेवायला निघाले होते आणि आता कदाचित मीच राहणार नव्हते.

हिरव्या कपड्यातला एक बंगाली माळी धावत आला. "चाचा! चाचा, ये क्या किया आपने?"

बाबा तोवर दुसरा व्हॉल्व्ह बंद करून उठून बसले होते. चेहरा पडला होता. एक क्षणभरच. मग त्यांना जॉइंट आठवला. "ये कब से लीक है?"

माळी गोंधळला. "तीन दिन से."

"तीन दिन! और तुम क्या करता है?"

"बोला है, चाचा. नया पार्ट आएगा."

"पार्ट किसको मंगता है? पाना है?" बाबांनी हात पुढे केला. आणि का कोण जाणे, त्या माळ्यानं कमरेचा पाना काढून त्यांच्या हातावर ठेवला. पुढची पंधरा मिनिटं मला जशीच्या तशी आठवतात. बाबांनी चटईची सुतळी मागितली, ती उकलून जॉइंटच्या आट्यांवर आवळून गुंडाळली. वर सांधा बुजवायला सफेदा हवा होता, तो नव्हता. तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघताच हात लांब केला आणि म्हणाले, "तूप दे." मी तुपाची डबी दिली. राजधानीच्या पाइपाला साजूक तूप लावून बाबांनी जॉइंट कसला आणि पहिला व्हॉल्व्ह पुन्हा उघडून दिला. माळी पाना धरत होता, बाबा सूचना देत होते, दोघंही चिखलात आणि दोघंही एकमेकांना आपापल्या हिंदीत रागावत होते.

तेवढ्यात वॉकीटॉकी घेतलेला सुपरवायझर आला. मल्याळी होता, इंग्रजीतच सुरू झाला. हे कोणी उघडलं? तुम्ही कोण? पासपोर्ट?

बाबा उभे राहिले. कोपरापर्यंत चिखल, पँटीला गवत. खात्यातल्या पत्रव्यवहाराच्या इंग्रजीत म्हणाले, "आय ओपन्ड. दॅट मिस्टेक इज माइन. जॉइंट लीकिंग सिन्स थ्री डेज. दॅट मिस्टेक इज युवर्स." आणि शर्टाचं बटण काढून, बनियनच्या खिशातला पासपोर्ट त्याच्या हातावर ठेवला. आम्हाला चाळीस दिवस दिला नव्हता तो.

सुपरवायझरनं पासपोर्ट चाळला. वाकून जॉइंट पाहिला. बोट लावलं, बोट कोरडं. ते नाकाशी नेऊन वास घेतला आणि फार बुचकळ्यात पडला. मग पासपोर्ट परत करत म्हणाला, "अंकल, यू आर टूरिस्ट. गो अँड सी द सिटी. यल्ला." बाबांना जाता जाता त्या माळ्याबरोबर फोटो काढून हवा होता. सुपरवायझरनंच तो काढला.

परतीच्या वाटेवर बाबा बोलायला लागले ते थांबेचनात. किती सालच्या उन्हाळ्यात मेन लाइन फुटली, कुणी काय केलं, साहेब कसा घाबरला. आई गेल्यापासून मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. नवऱ्यानं आरशातून मला डोळा मारला. मी मनात त्यांची खोली लावायला घेतली होती. मुलीचं कपाट हॉलमध्ये, बाबांचा पलंग खिडकीशी, जवळच्या एखाद्या बागेतल्या माळ्याशी त्यांची ओळख करून द्यायची.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मला जाग आली. स्वयंपाकघरात दिवा होता. बाबा नळासमोर स्टूल घेऊन बसले होते. सगळी भांडी भरून झाली होती.

"बाबा, कालचं राजधानीचं काय ठरलं?" मी विचारलं. "पासपोर्ट देताय ना?"

"चांगलं गाव आहे," ते म्हणाले. "लाइन नीट टाकलीय." मग त्यांनी नळ उघडला. पाणी आलं. बंद केला. पुन्हा उघडला. "बघ. आत्ता येतं. दुपारी उघडला तरी येतं. मग मी पाचला उठू कशाला?"

"उठू नका. झोपा आरामात."

"तिथे पाचला पाणी येतं. खालच्या टाकीत आलं की पंप मी लावतो. चौदा बिऱ्हाडं आहेत. तळमजल्यावरच्या काकूंना बादली उचलवत नाही, त्यांच्या दोन बादल्या मी भरून देतो. तुझी आई होती तेव्हा ती हलवून उठवायची. आता पाणी उठवतं."

"आणि पडलात तर? दोन तास पडला होतात तुम्ही!" माझा आवाज चढला.

"मी पडलो ते पंप लावून आल्यावर. म्हणून कुणाला कळलं नाही. लावायच्या आधी पडलो असतो, तर चौदा बिऱ्हाडं दार फोडून आत आली असती."

मी चिडले. इथे मी आहे, नात आहे, ते काहीच नाही का, असं तोंडाला येईल ते बोलले. मग रडले. मला त्या पाण्याचा हेवा वाटत होता, हे आज कबूल करते. बाबांनी माझ्या डोक्यावर ओला हात ठेवला. "तुझ्याकडे मी पाहुणा म्हणून येईन," म्हणाले. "दर वर्षी येईन. पण काल त्या पोराच्या हातातला पाना घेतला तेव्हा मला कळलं, बाळा, मी अजून रिटायर झालेलो नाही."

ते व्हिसा संपायच्या आधीच गेले. रोल धुऊन आला. छत्तीसपैकी एकोणीस फोटो नळ्यांचे, पंपांचे आणि झाकणांचे. राजधानी म्हणून दाखवता येईल असा एकच, चिखलात माखलेली दोन माणसं आणि मागे कोपऱ्यात थोडासा समुद्र.

त्यांना विमानतळावर सोडून घरी आलो, तर त्या पहाटेसुद्धा त्यांनी सगळं भरून ठेवलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी बाथरूमच्या दारातून ओरडली, "ममा, धिस इज यस्टरडेज वॉटर! आजोबा सेड थ्रो इट!" मी तिला राहू दे म्हटलं. नवरा टॉवेल खांद्यावर टाकून टबाच्या काठाशी थोडा वेळ उभा राहिला. मग स्वयंपाकघरात जाऊन तांब्या घेऊन आला. पुढे नऊ दिवस, टबाचा तळ लागेपर्यंत, तो टबाबाहेर बसून त्याच पाण्यानं अंघोळ करत होता.